ढिली फिरकी

मी रेझर. दाढीचा रेझर. बोलतोय म्हणण्यापेक्षा कण्हतोय म्हणा, हल्ली तेवढंच जमतं.

वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या जातीतला मी नाही. अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा. डोक्यावर दोन झडपा आणि दांड्याच्या बुडाशी एक फिरकी. फिरकी एका अंगाला फिरवली की झडपा उघडतात, आत ब्लेड ठेवायचं, उलटी फिरवली की मिटतात. त्यासाठी दांड्याच्या पोटातून एक कांडी वरपर्यंत गेलेली असते. कारखान्यात ही कांडी घातली आणि खालचं कडं यंत्रानं दाबून कायमचं बसवलं. मला पुन्हा खोलायची सोय कुणी ठेवलीच नव्हती. हे लक्षात असू द्या, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझे मालक एका मोठ्या हॉटेलात वाढप्यांवरचे कॅप्टन होते. नोकरी सुटून जमाना झाला, पण घरीदारी सगळे त्यांना अजून कॅप्टनच म्हणतात. त्या हॉटेलचा मॅनेजर भारी खडूस. नोकरांच्या दाराशी उभा राहून प्रत्येकाच्या गालावरून कापसाचा बोळा फिरवायचा. कापसाचा एक तंतू जरी खुंटाला अडकला, तरी तो माणूस दिवसभर आत भांड्यांपाशी, गिऱ्हाइकासमोर यायचं नाही. कॅप्टनच्या गालाला कधी कापूस अडकला नाही. ते माझं काम होतं आणि मी ते निमूट करत आलो.

निवृत्त झाल्यावर मॅनेजर सुटला, पण कापूस सुटला नाही. दाढी झाली की कॅप्टन बाहेर यायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि त्यांची बायको हातातलं काम टाकून गालावरून बोळा फिरवायची.

"पास," ती म्हणायची.

"नीट बघ, हनुवटीखाली."

"पास म्हटलं ना. आता चहा घ्या."

हा खेळ रोजचा. मला मेल्याला बेसिनवर पडल्यापडल्या ऐकू यायचा.

मग कॅप्टनचे हात थरथरायला लागले. आधी शर्टाची बटणं बायकोकडे गेली. मग चहा अर्धा कप मिळायला लागला. सह्यांची कामं लेकीनं आपल्याकडे घेतली. एकेक करून सगळं दुसऱ्यांच्या हातात गेलं, दाढी तेवढी राहिली. ती कशी राहिली ते मी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हातारा होऊन ढिला झालो होतो. फिरकी अशी सैल, की कॅप्टनच्या नुसत्या अंगठ्याच्या धक्क्यानं फिरायची. दांड्यावरची खरबरीत नक्षी साबणाच्या हातातूनही निसटायची नाही. कोपर बेसिनला टेकवायचं, मला गालाला लावायचं, आणि तिथं गेल्यावर हाताची थरथर आपोआप थांबायची. मी खुळखुळायचो खरा. पण आम्हा दोघांचं जमलं होतं.

आता जावयाकडे येतो. लेक आणि तो याच घरात राहतात. माणूस वाईट नाही. विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि नाद जुन्या वस्तू खोलून नव्या करायचा. कंदील झाले, कुलपं झाली, घरातलं भिंतीवरचं घड्याळ झालं. ते घड्याळ तेव्हापासून छान दिसतं आणि बंद आहे.

कॅप्टनच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तोंडाला काही दिवस पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जावयानं तेवढ्यात मला बेसिनवरून उचललं.

"अरे, बाबांना विचारलंस का?" लेक म्हणाली.

"विचारलं तर गंमत काय राहिली? बघ ना किती खुळखुळतोय. कशी दाढी करत असतील बिचारे."

झालं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मला आडवं केलं. आधी गरम पाण्यात घातलं. मग बुडाच्या कड्याला फडकं गुंडाळून पक्कड लावली. मी फिरलो नाही तसा त्यानं जोर केला. कट्कन आवाज झाला, कडं निघालं, आणि दांड्याला केसाएवढी चीर गेली. ती त्यानं पाहिली. इकडेतिकडे बघून तिच्यावरून अंगठा फिरवला आणि पुढच्या कामाला लागला.

मग व्हिनेगरमध्ये बुडवलं. जास्त वेळ राहिलो, निकेल पापुद्र्यानं सुटलं. ते लपवायला पॉलिशच्या चाकावर धरलं, तशी दांड्यावरची नक्षी गेली आणि मी गुळगुळीत झालो. जोडताना डावी झडप उजवीकडे बसवली. त्या झडपा आपापल्या जागी झिजलेल्या, त्यांची अदलाबदल कशी चालेल? पण त्यानं पहिली दाढी स्वतःचीच केली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दोन दिवस हनुवटीला पट्टी लावून कचेरीत गेला. मग झडपा नीट लावल्या. शेवटी फिरकीखाली एक पातळ वॉशर सरकवला आणि कडं ठोकून बसवलं.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "आता जरासुद्धा हलत नाही."

डॉक्टरांनी पाणी लावायला परवानगी दिली त्या सकाळी त्यानं मला कॅप्टनच्या हातात ठेवलं. कॅप्टननी नव्या डोळ्यानं मला उलटसुलट पाहिलं.

"वा, जावईबापू. नवाकोराच केलात की."

आत जाऊन त्यांनी फेस लावला आणि ब्लेड घालायला अंगठ्यानं फिरकीला धक्का दिला. फिरकी हलली नाही. दोन बोटांनी धरली, बोटं घसरली. टॉवेलात धरली, तर मीच हातातून सुटून बेसिनमध्ये पडलो. मी काय करणार होतो? आतून वॉशरनं आवळलेला. त्यांच्या गालावरचा फेस वाळून गेला.

"अहो, झालं का?" बाहेरून हाक आली. ती कापूस घेऊन उभी असणार.

त्यांनी तोंड धुतलं आणि बाहेर गेले. "आज राहू दे," म्हणाले, "डोळ्याला साबण झोंबतोय."

दुसऱ्या दिवशीही झोंबला. मग ते म्हणायला लागले, दाढी ठेवतोय, आता कुठं कामाला जायचंय. बायकोला खरं कारण कळलं. ती जावयाशी बोलायला निघाली तर त्यांनी तिला खाली बसवलं. "जावयाला काय बोलायचं? हौसेनं केलंय पोरानं. त्याचं मन नको मोडू." जावयाला कुणी काही बोलत नाही, घराघरात हे असंच चालतं. माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली. आलागेला कौतुक करायचा, आणि कॅप्टन समोर पांढरे खुंट घेऊन बसलेले असायचे. बोटांत बोटं गुंतवून, थरथर दिसू नये म्हणून. मला फार वाईट वाटायचं.

आज सुट्टी. दुपारी सगळे पडलेत असं समजून कॅप्टननी मला कपाटातून काढलं आणि रुमालात धरून फिरकी फिरवायला लागले. जावई पाणी प्यायला उठला आणि दारातच थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"बाबा, द्या इकडे."

"घट्ट बसलीय जरा," कॅप्टन ओशाळून म्हणाले. "माझीच बोटं मेली."

जावई खुर्ची ओढून बसला. "आधी ढिली होती म्हणून जमायचं?"

"सवय होती हो इतक्या वर्षांची."

"परत खोलतो. वॉशर काढतो, मुठीला जाड दोरा गुंडाळतो."

"नको, नको. तुटला म्हणजे? असू दे कपाटात. छान दिसतो."

जावई खाली बघत म्हणाला, "चीर गेलीय त्याला, बाबा. माझ्याच हातून. तेव्हा बोललो नाही. या वेळी तुटेलही."

कॅप्टननी मला टेबलावर ठेवलं आणि हळूच त्याच्याकडे सरकवलं.

पुन्हा वर्तमानपत्र पसरलंय, पुन्हा फडकं गुंडाळलेली पक्कड. तुम्हाला एवढंच सांगतो, घरातलं कुणाचं काही खुळखुळत असेल तर ते नीट करायच्या आधी त्या माणसाला एकदा वापरून दाखवायला सांगा. मला या खोलण्याजोडण्याचा वीट आलाय. पण कपाटात अख्खं राहून करायचं काय? एक सकाळ जरी त्या गालावर मिळाली तरी माझं भागलं. खोल रे बाबा. हळू, पण खोल.

कॅप्टननी बायकोला हाक मारलीय, पाणी गरम ठेव म्हणून.

"आधी खोलू तर द्या त्याला," ती स्वयंपाकघरातून म्हणतेय. पण आली ती कापूस घेऊनच.