मधोमध टांगलेली चादर

सामोआच्या राजधानीत, आपियात, मत्स्यखात्याच्या कचेरीत मारेतासारख्या देखण्या स्लाइड कोणाला जमत नसत. पण स्वतःच्या गावात तिने पहिल्याच खेपेला माती खाल्ली. घराण्यांचे प्रमुख सभागृहात जमले होते. तिने एका टोकाला पडदा लावला आणि त्याकडे पाठ असलेल्या दोघांना नम्रपणे विचारलं, "जरा इकडे सरकता का?"

सामोआत कोणी कोणत्या खांबाला टेकायचं हे माणूस जन्माला यायच्या आधी ठरलेलं असतं. त्या दोघांतले एक होते गावचे थोरले प्रमुख सेउमानू. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, हा खांब माझ्या पणजोबांचा. त्यापेक्षा तुझं ते धुणं हलव."

सभा खो खो हसली आणि तिथेच बुडाली. त्यावर कडी म्हणजे मारेताने स्लाइडवरची ओळन् ओळ वाचून दाखवली. तिचा बाप आपेलू हा गावचा वक्ता, सभेत बोलणं हा त्याचा पिढीजात मान. त्याची पाळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सगळं लिहिलेलंच आहे की. मी काय बोलू?" आणि मंडळी उठली.

आता तिला आणखी एकच संधी होती. प्रवाळाच्या भिंतीच्या आतला उथळ समुद्र दोन वर्षं मासेमारीला बंद ठेवायला गाव कबूल झालं, तर खातं तिथे मोठ्या शिंपल्यांची पिल्लं सोडणार होतं. नाही म्हटलं, तर ती पिल्लं दुसऱ्या गावाला जाणार होती.

खांब काही हलणार नव्हते. तेव्हा पडदाच मधोमध, वर तुळईला टांगायचा असं तिने ठरवलं. पातळ चादर, दोन्हीकडून दिसेल अशी. घरी करून पाहिलं, तर पलीकडे बसलेली आई फिदीफिदी हसायला लागली.

"अगं, माझ्या बाजूने अक्षरं उलटी! सभेला काय आरसे घेऊन यायचे?"

मारेताने कपाळावर हात मारला आणि चिडून एकेक ओळ पुसत सुटली. आकडे गेले, बाण गेले, नकाशाही गेला, कारण निम्म्या गावाला नदी भलत्याच बाजूला दिसली असती. उरली नुसती छायाचित्रं.

"किती बोडकं दिसतंय!"

"दिसू दे," आई म्हणाली. "मागच्या वेळी डोळे शिणले होते लोकांचे."

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर सभा भरली. मारेता मांडी घालून खाली बसली. पहिलं चित्र आलं ते चर्चच्या जुन्या मेजवानीचं, माशांच्या राशीमागे उभी असलेली माणसं. दोन्हीकडून नावं घेतली जाऊ लागली. मग तिने आजचा तळ दाखवला. पांढरं पडलेलं प्रवाळ आणि रिकामा शिंपला.

बोलायचं तिने पाठ करून आणलं होतं. जिभेवर आलं होतं. पण सभागृहात असं काही सामसूम झालं की तिने ओठ मिटून घेतले. चित्रही तिने बदललं नाही.

शेवटी एक म्हातारा वक्ता पलीकडच्यांना म्हणाला, "हा तळ तुमच्या बाजूचा."

"वा रे वा! जाळी कोणाची बारीक भोकांची?" पलीकडून उत्तर आलं.

आणि तोंडं सुटली. एकाने तळ असा कसा झाला ते सांगितलं, दुसऱ्याने त्याची लाज काढली. सगळ्यात शेवटी आपेलू बोलला. चित्रातल्या त्या रिकाम्या शिंपल्यापासून सुरुवात करून त्याने असं काही भाषण केलं की सेउमानूंनी डोळे पुसले. बंदी तर मान्य झालीच, तिची हद्दही प्रमुखांनीच ठरवली, काळ्या खडकापासून थेट नदीच्या मुखापर्यंत. मारेताने मागितली असती त्याच्या दुप्पट!

घरी आई उकडलेल्या तारोच्या कंदांचं भांडं घेऊन वाटच पाहत होती. "काय केलं हो हिने?"

"काही नाही. चित्र लावलं आणि गप्प बसली," आपेलू म्हणाला.

"इतकंच?"

"इतकंच म्हणे! बोलायला कोणीही शिकतं. कुठे गप्प बसायचं हे कळेपर्यंत माझे केस पिकले."

मारेताची मान आपोआप ताठ झाली. बापाने तिच्याकडे न बघताच विचारलं, "आता हेच दाखवायला शेजारच्या गावात कधी जाणार आहेस? तुझ्या चित्रांपुढे बोलायला कोणीतरी लागेल ना?"