पुन्हा भरायच्या बाटल्या

"हात लावू नका! स्वल्प थांबा!" हयवदन ओरडत आला, तोवर भंगारवाल्याच्या माणसांनी यंत्राचा एक बोल्ट सैल केलाही होता.

येलहंक्यातल्या सोडा कारखान्यातलं ते काचेच्या बाटल्या धुणारं यंत्र. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि ते कोपऱ्यात पडून राहिलं. त्याचा मेकॅनिक हयवदन मात्र कारखान्यातच म्हातारा झाला. जाता-येता यंत्रावरची धूळ पुसायची सवय काही त्याला सोडवली नाही.

आजोबांमागे कारखाना चालवणारी संहिता बाहेर आली. "अण्णा, मीच विकलंय ते. जागा हवीय. विकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करून मार्गी लावायची जबाबदारी नव्या नियमानं आता आपल्यावरच आहे. ढीग येतील इथं."

"बरोबरच आहे. आपलं नाव छापलेली बाटली गटारात दिसली की मान खाली जाते माझी. पण परत आणायच्याच, तर पुन्हा भरता येतील अशा आणू की! तुझे आजोबा तेच करत होते."

"यंत्र चालेल?"

"चालवतो."

संहिताने भंगारवाल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "रविवारपर्यंत. मग नाही थांबवणार."

हयवदनने गंजलेली साखळी रॉकेलमध्ये भिजत घातली, फवाऱ्यांची बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली, झिजलेला भाग पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून घडवून आणला. शनिवारी यंत्र फिरलं आणि पहिल्याच फेरीत बाटल्यांचा चुरा झाला. संहिता काचा गोळा करू लागली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी त्याला चूक सापडली. साखळी चाकाच्या एका दात्यानं पुढं बसली होती. ती नीट बसवून तो थेट सगुणाबाईंच्या घरी गेला. धुतलेली प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून तपासायचं काम पूर्वी त्यांचं असे.

"चला अक्का. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही बाटली भरायची नाही."

"डोळ्यांचं ऑपरेशन झालंय रे माझ्या," पदर खोचत त्या म्हणाल्या. "आता जास्तच दिसतंय."

यंत्र धडधडलं. गोदामातल्या धुळकट बाटल्या एका टोकानं आत गेल्या आणि दुसऱ्या टोकानं लखलखत, पाणी निथळत बाहेर आल्या. एकही फुटली नाही. तेवढ्यात संहिताचा फोन वाजला. भंगारवाला होता.

"नको, येऊ नका," यंत्राच्या आवाजावर आवाज चढवत ती म्हणाली. "यंत्र कामात आहे."

हयवदनने तोंड फिरवून उगाचच एक नळ घट्ट केला.

दिव्यापाशी सगुणाबाई बाटलीमागून बाटली पुढं सरकवत होत्या. एक त्यांनी फिरवून फिरवून पाहिली आणि बाजूला काढली.

"हयवदना, तळाशी डाग आहे. परत धू."

"सरी, अक्का. धुतो."

त्याने ती बाटली दोन्ही हातांत घेतली आणि ताठ मानेनं यंत्राच्या बाटल्या आत जायच्या टोकाकडे निघाला.