चार नंबरचा पट्टा

मी भित्रा माणूस आहे. फुटबॉलच्या मैदानावर पंचाऐंशी किलोचा स्ट्रायकर अंगावर धावून आला तरी मी जागचा हलत नाही, पण सुई, रिपोर्ट किंवा पांढरा कोट दिसला की माझी पाचावर धारण बसते. आणि गेली तीन वर्षं सगळ्यात जास्त भीती वाटते ती सीझनआधीच्या सहा आठवड्यांची. चेंडूला पाय लावायच्या आधी वजनं उचलायची, उड्या मारायच्या, आणि बीप वाजला की एका प्लास्टिकच्या कोनापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं.

मला चौतिसावं लागलंय. संघात सगळ्यात म्हातारा मीच. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच संघात विंगर आहे. तो मला दाजी म्हणतो म्हणून अख्खा संघ मला दाजी म्हणतो, अगदी मैदानावर पाणी मारणारासुद्धा. मेहुण्याला सगळे भिंगरी म्हणतात. त्याच्या पायात चेंडू आला की या नावाचं कारण कोणी विचारत नाही.

यंदा फिटनेससाठी नवीन मॅडम आल्या. बाई कधी ओरडल्या नाहीत, हेच वाईट. शांतपणे सांगितलं की प्रत्येकाने छातीला पट्टा बांधायचा, पट्ट्यावर जर्सीचा नंबर असेल आणि हृदयाचे ठोके त्यांच्या टॅबलेटवर त्या नंबरासमोर दिसतील. धावणं थांबल्यावर दोन मिनिटांत ठोके एकशेतीसच्या खाली आले पाहिजेत. शुक्रवारी अहवाल मॅनेजरकडे जाणार. माझं धावणं अजून बरं आहे. ठोके मात्र आगंतुक पाहुण्यांसारखे, एकदा चढून बसले की उतरायचं नाव घेत नाहीत. माझा करार वर्षावर्षाचा, आणि तो संपत आला होता.

पट्ट्यांची अदलाबदल ही आमच्या ड्रेसिंग रूममधली जुनी रीत. एका वर्षी गोलकीपरचा पट्टा मालिशवाल्याने छातीला बांधून टेबलावर मस्त झोप काढली होती, आणि कागदावर गोलकीपर संघातला सगळ्यात तंदुरुस्त माणूस ठरला होता. भिंगरीचा करार तीन वर्षांचा. त्याचे आकडे थोडे खराब आले तर त्याला कोण विचारतंय? मी बोललोही नाही. सोमवारी सकाळी बाथरूममध्ये त्यानेच स्वतःचा अकरा नंबरचा पट्टा काढून माझ्या हातात ठेवला आणि माझा चार नंबरचा घेतला. म्हणाला, ताईला कळलं तर दोघांनाही घराबाहेर काढेल.

सोमवारची चाचणी पार पडली. दुपारी मॅडमनी मला व्यायामशाळेत बोलावलं, एकट्याला. पकडले गेलो, असंच मला वाटलं. पण त्यांनी टॅबलेट पुढे केला. चार नंबरची रेघ छान खाली येत होती, आणि मध्येच एक सुळका. विश्रांतीत असताना ठोके दोनशे चौदा. सहा-सात सेकंद, मग पुन्हा खाली.

"छातीत धडधडलं का? डोळ्यांपुढे अंधारी?"

मी नाही म्हणालो. त्यांनी घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का विचारलं. माझे वडील एकेचाळिसाव्या वर्षी जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. हातात दुधाची पिशवी तशीच. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून प्रत्येक वाढदिवसाला एकेचाळिसातून माझं वय वजा करतो. यंदा उत्तर सात.

गुरुवारच्या शेवटच्या चाचणीआधी ईसीजी काढून या, मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. त्यानंतरचा एक दिवस मी काय केलं, मला नीट सांगता येणार नाही. जेवताना दोन बोटं मनगटावर. बायको बोलत असली की मी तिचं ऐकायचं सोडून माझ्या कानातला ठोका ऐकायचो. आता थांबेल, आता थांबेल. डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती, हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं झालं, एवढंच.

मंगळवारी दुपारी घरी सांगितलं की बूट बघायला चाललोय, आणि दवाखान्यात गेलो. छातीला गार जेल लावून चिमटे लावले. मशीनमधून कागद सरकत आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, घोड्यासारखं हृदय आहे, काही झालेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी उभ्या उभ्या दोन आइस्क्रीम खाल्ली आणि एकटाच हसलो.

बुधवारी तो कागद मॅडमना दाखवला. त्यांनी वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, पट्टा कोरडा राहून आकडा चुकला असेल, उद्या नीट ओला करून बांधा. तरी त्या टॅबलेटकडे बघतच राहिल्या.

"पट्टा सहसा एवढी चूक करत नाही," म्हणाल्या.

मी कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली.

त्याच दिवशी व्यायामशाळेत भिंगरी खांद्यावर दांडा घेऊन बैठका काढत होता. चौथ्या बैठकीला त्याने दांडा घाईने स्टँडवर टेकवला आणि खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. चेहरा पांढरा पडला होता. सकाळी काही खाल्लं नाही, म्हणाला. मी त्याला म्हणालो की तीन वर्षांचा करार झाला की गुडघे असेच वाकतात. सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा.

गुरुवारी बाथरूममध्ये पुन्हा पट्टे बदलले. मी त्याला बजावलं की माझा पट्टा नीट ओला कर, सोमवारी तुझ्यामुळे उगाच गोंधळ झाला. हे मी माझ्या तोंडाने बोललो. आणि तरीही मला कळलं नाही.

ऊन चढलं होतं. वीस मीटरवर कोन, दोन रांगा, स्पीकरमधून बीप. पहिले तीन टप्पे झाले. चौथ्यात बीप जवळजवळ यायला लागले, माझी पोटरी आवळली, पण मी हटलो नाही. भिंगरी दोन माणसं सोडून पलीकडे पळत होता. एवढ्यात मॅडमची शिट्टी वाजली.

"चार नंबर, बाहेर या. खाली बसा. लगेच."

मी रेषेबाहेर येऊन बसलो. बाकीचे पळतच होते. मॅडम माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या, टॅबलेट गवतावर ठेवला आणि माझं मनगट धरलं. पडद्यावर चारसमोर दोनशे अठ्ठावीस होतं आणि रेघ वेडीवाकडी नाचत होती. त्यांच्या बोटांखाली माझी नाडी जोरात चालली होती, पण एका लयीत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"हे तुमचं नाहीये," त्या हळूच म्हणाल्या, स्वतःशीच.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. सोमवारचा सुळका, व्यायामशाळेतला पांढरा चेहरा, माझा तो स्वच्छ कागद.

आणि मी गप्प बसलो.

बीप वाजला. मी समोर भिंगरीकडे बघत होतो. तो वळला, पळाला. बोललो तर माझा करार गेला, त्याच्यावरही कारवाई होणार, आणि तो तर पळतोय की, व्यवस्थित पळतोय. पुन्हा बीप वाजला. दोन बीप. वीस मीटर जाणं आणि वीस मीटर येणं. एवढा वेळ मी घेतला.

"मॅडम, माझा पट्टा भिंगरीच्या छातीवर आहे."

त्या माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच उठल्या होत्या. त्याला थांब म्हणून ओरडल्या. तो थांबला, आमच्याकडे वळून पाहिलं, काय झालं असं विचारल्यासारखा हात उचलला, आणि हात खाली यायच्या आधी कोनावर पालथा पडला.

व्यायामशाळेच्या भिंतीवर शॉक द्यायचं मशीन टांगलेलं असतं. त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो. ते आणायला मीच पळालो, आणि आयुष्यात एवढ्या जोरात मी कधी पळालो नसेन. मॅडम त्याची छाती दाबत होत्या. त्यांनी जर्सी कापली, चार नंबरचा पट्टा कापून फेकला, चिकटपट्ट्या लावल्या. मशीन सगळ्यांना दूर व्हायला सांगत होतं. भिंगरीचं अंग उडालं. काही झालं नाही. मॅडम पुन्हा दाबू लागल्या. पुन्हा अंग उडालं. मग त्याने घोरल्यासारखा एक श्वास घेतला, आणि मी तिथेच गवतावर ओकलो.

हॉस्पिटलच्या बाकावर मॅडम आणि मी शेजारी बसलो होतो. बायको थेट कामावरून आली, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. मला धरून ती रडली. तुला काही झालं नाही ना, असं आधी मलाच विचारलं. डॉक्टर बाहेर आले. भिंगरी जगेल, म्हणाले. छातीत यंत्र बसवावं लागेल, फुटबॉल मात्र संपलं. मग त्यांनी विचारलं, याआधी काही लक्षण दिसलं होतं का? कधी, केव्हा, नेमकं सांगा.

बायको म्हणाली, काहीच नाही, तो तर कधी सर्दीनेही आजारी पडला नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या सांगू शकल्या असत्या. त्या थांबल्या, माझ्यासाठी.

"सोमवारी," मी म्हणालो. "सोमवारी दिसलं होतं."

मग मी सांगितलं. पट्टे, करार, सुळका, सगळं. सांगताना पाकिटातला तो कागद कधी काढला मला आठवत नाही. डॉक्टरांनी घड्या उलगडून पाहिला आणि हा त्यांच्या कामाचा नाही म्हणून परत केला. तो बायकोने घेतला. तिने वर लिहिलेलं माझं नाव वाचलं, मंगळवारची तारीख वाचली.

"मंगळवारी तू बूट बघायला गेला होतास."

मी मान हलवली.

"म्हणजे त्याचं हृदय बिघडलंय हे सोमवारी कळलं," ती सावकाश म्हणाली. ती रडत नव्हती. "आणि तू जाऊन तपासून कोणाचं आणलंस?"

ती थांबली होती. उत्तर तिला माझ्याच तोंडून हवं होतं.

"माझं," मी म्हणालो.