पिवळेबाबांचा भंडारा

देव प्रकट व्हायचा तर जागा फार विचार करून निवडतो. यंदा त्यानं शहराबाहेरच्या, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या बंद भट्टीचं राखेनं माखलेलं मागचं अंगण निवडलं.

तिथं गवत उगवत नव्हतं, मुंगीही फिरकत नव्हती. "जागृत जागा!" पिवळेबाबा गरजले. मूठभर माती त्यांनी आंबट वासाच्या तीर्थात कालवली, फडक्यातून गाळली, वर दुसऱ्या बाटलीतलं तीर्थ सोडलं. पाण्यात पिवळाजर्द साका धरला.

"भंडारा!" जमलेल्या धनगरवस्तीनं हात जोडले. भंडारा दिसल्यावर वेगळा पुरावा कोण मागतो?

चतुराबाईंनी तर पदर पसरला. मेंढरं विकून त्या भट्टीशेजारी राहायला आल्या, तेव्हापासून त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाचं, सार्थकचं पोट दुखायचं. लेकरू पांढरंफटक पडलं होतं. बाबांचा उतारा सोपा होता: ही माती चिमूटभर, रोज मधातून. पंधरा दिवसांत दुखणं दुप्पट झालं.

"करणी निघतीय, माय. चिमूट वाढव."

चतुराबाईंची भाची ज्ञानेश्वरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती भेटायला आली आणि चाटण बघून हादरली.

"आत्या, थांबव हे!"

"तू शिकलेली. तुला नाय पटायचं."

ज्ञानेश्वरीनं वाद घातला नाही. देव्हाऱ्यात देवगाव रंगारीच्या कुलदेवाच्या ठाण्याची माती पुरचुंडीत होती. ती घेऊन दोघी बाबांपुढं गेल्या.

"बाबा, आता ह्यातून काढा भंडारा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

दोन्ही तीर्थं पडली. पाणी पाणीच राहिलं.

"त्या जागेत भाव कमी," बाबा पुटपुटले.

चतुराबाई उसळल्या. "आमच्या देवाच्या ठाण्यात भाव कमी, आन् बॅटरीच्या राखेत लई? व्हय रं, मेल्या?"

"आत्या, राखेत शिसं आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पहिलं तीर्थ व्हिनेगर, त्यात शिसं विरघळतं. दुसरं पोटॅशियम आयोडाइड. शिशाला भेटलं की पिवळं होतं. बाबा रोज विषाची तपासणी करून दाखवत होते, आणि तेच विष लेकरांना चाटवत होते."

बाबांनी पूर्वी एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं बाटल्या धुतल्या होत्या. विद्या वाया जात नाही.

सार्थकच्या रक्तात शिसं निघालं, उपचार सुरू झाले. वस्तीतली बाकीची पोरंही तपासणीच्या रांगेत लागली. पोट दुखलं तर रक्त तपासावं, भट्टीजवळच्या मातीत पोरं खेळवू नयेत, आणि ती माती उचलून न्या म्हणून सरकारी कचेरीत ठाण मांडावं. याला कुठलंही तीर्थ लागत नाही.

पिवळेबाबा भट्टीपासून लांब, लासूर स्टेशनला राहायचे, बाटलीबंद पाणी प्यायचे. ती माती त्यांनी एकदाही खाल्ली नव्हती.