पुंडलिकशेठचा पहिला पेला

“त्या तिसऱ्या मजल्यावरच्याकडून काही घेऊ नका हं,” समोरच्या नर्मदाताईंनी बजावलं होतं. त्या हॉस्पिटलात नर्स, माणसं पारखण्यात मुरलेल्या. मी हसण्यावारी नेलं.

आमच्या खालीच पुंडलिकशेठ राहायचा. वेंगुर्ल्याहून सुतारकामाच्या काँट्रॅक्टवर आला आणि दारूबंदीच्या कुवेतमध्ये चोरून क्लब चालवू लागला. जाड पडदे, कॅसेटवर गाणी, साखर-यीस्टची घरात गाळलेली दारू. आमच्या अबू हलीफा भागात दुसरं कुणी विकायला धजत नसे. महबूब नावाच्या एकाने विकून पाहिली, तर शेठच्या माणसांनी त्याची बोटं मोडली. पुढे तो शेठकडेच कामाला राहिला. मात्र नव्या दारूचा पहिला पेला शेठ स्वतः घेई, आणि दुसऱ्या दिवशी धड उठला तरच गिऱ्हाइकांना दार उघडे.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज आली. दुकानं रिकामी झाली. माझा मुलगा प्रज्वल पाच महिन्यांचा, आणि धास्तीने माझं दूध आटलेलं. शेठकडे आता इराकी अधिकारी प्यायला येत. त्यांच्याकडून तो दुधाच्या पावडरीचे डबे मिळवी आणि आम्हाला देई. मी घेतले. दुसरं काय करणार होते?

साखर संपली तेव्हा महबूबने शुऐबाच्या कारखान्यांकडून कसल्याशा स्पिरिटचा ड्रम आणला. शेठने रिवाजाप्रमाणे पहिला पेला घेतला. दुसऱ्या दिवशी मी डब्यासाठी खाली गेले, तर तो खिडकीशी बसला होता.

“वयनी, आज भायर धूळ उठली हा काय?”

बाहेर लख्ख ऊन होतं.

माझा नवरा शरद लॅब टेक्निशियन. त्याच्या लगेच ध्यानात आलं. म्हणाला, हे मिथाइलचं विष, डोळे घालवतं; याला उतारा चांगल्या दारूचाच, तोही वेळेत दिला तर. सगळ्या क्लबात थेंब नव्हता. अधिकारी पिऊन गेले होते. संध्याकाळपर्यंत शेठला दिवाही दिसेना. ड्रम त्याने मोरीत ओतायला लावला. त्याची माणसं एकेक करून पांगली. महबूब तेवढा राहिला. का राहिला, ते मला कळत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

मग आम्हाला मायदेशी परतायला बसऱ्यामार्गे जाणारी बस मिळाली. शेठचा पासपोर्ट त्याच्या अरबी मालकाकडे, आणि मालक पळालेला. आम्ही तिघेच निघालो.

आता युद्ध संपलं म्हणतात. माझ्या पत्रांना उत्तर नाही. कुवेतहून आलेल्या तुमच्यापैकी कुणी तिकडे कामावर परतत असेल, तर अबू हलीफात समुद्राकडच्या पिवळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकदा जा. महबूब म्हणेल, शेठ झोपलाय. तरी आत जा, आणि त्याच्या हाताशी पाणी आहे का, तेवढं बघा.