डाव्या हाताची कात्री

असे समजा, की भर दुपारी तुम्ही एका खोलीत बसला आहात. खिडक्यांना जाड पडदे, टेबलावर एक दिवा, आणि दिव्यापलीकडे डोळे मिटून बसलेल्या एक बाई. गेलेली माणसे आपल्या तोंडून बोलतात, असे त्या सांगतात. तुमच्या शेजारी अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिच्यासारखेच गप्प बसा आणि नीट पाहा.

मुलीची आई मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कात्री घेऊन बसली होती. तिचा नवरा शिंपी. तो कापायचा आणि शिवायचा, ती काजे-बटणे करायची. चौदा वर्षे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी, गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेवरून, ती त्याला नको नको ते बोलली. तो काहीच बोलला नाही. दुपारी दुकानातच त्याचे हृदय बंद पडले. तेव्हापासून एकच प्रश्न तिला कुरतडत होता: ते रागातच गेले का?

दुकानाला कुलूप लागले ते लागलेच. एका कोटाचे कापड त्याने खडूने आखून ठेवले होते, ते तसेच पडून होते. गिऱ्हाईक समजूतदार, पण तेही आता उद्या कापड परत न्यायला येणार होते. बाईंच्या तोंडून यांना विचारल्याशिवाय मी त्या कापडाला हात लावणार नाही, असे आईने सांगून टाकले होते.

ही चौथी बैठक. पहिल्या वेळी बाई एवढेच म्हणाल्या, की काहीतरी गोल फिरताना दिसते आहे. त्यावर आईने मशीन, दुकान, चष्मा, गुडघेदुखी सगळे भडाभडा सांगितले.

"बघ, बाईंना सगळं कसं कळलं," घरी जाताना ती म्हणाली.

"तूच तर सांगितलंस," मुलगी म्हणाली.

पुढच्या खेपेला निरोप आला, की मी रागावलेलो नाही, तू माझी राणी होतीस. राणी? ज्या माणसाचे सगळे कौतुक एका 'हं'मध्ये संपायचे, तो? आईलाही ते खटकले होते. पण ऐकायला गोड वाटले, आणि गोड वाटले म्हणून खरे वाटले.

मुलीने मग एक साधी गोष्ट विचारली. बाबा बाईंच्या तोंडून बोलतात, तर त्यांच्या हातून कापतीलही ना? आईला ते पटले. म्हणून आज कात्री आणि कापडाचा एक तुकडा.

बाईंनी लांब श्वास घेतला. तुमचे मालक माझ्या हातात उतरलेत, असे म्हणून त्यांनी उजव्या हाताने कात्री उचलली. कापड कापले जाईना, पात्यांमध्ये नुसते दुमडले. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच, चघळल्यासारखे.

"हात थरथरतोय त्यांचा," बाई म्हणाल्या. "तुमच्या आठवणीनं."

आई त्या हाताकडे बघत राहिली. बाईंना आपण सगळे सांगितले, पण एक गोष्ट राहिली, हे आत्ता तिच्या ध्यानात आले. घरात त्या गोष्टीचे कुणाला काही वाटतच नसे. बाप डावखुरा, मुलगी डावखुरी. कात्रीही डाव्या हाताची, उलट्या पात्यांची, मुद्दाम करून घेतलेली, उजव्या हातात न चालणारी.

"ताई, हे डावखुरे होते," ती हळूच म्हणाली.

तिकडे गेल्यावर डावे-उजवे राहत नाही, असे बाईंनी समजावले. आईने कात्री फडक्यात गुंडाळली आणि मुलीचा हात धरून ती बाहेर पडली.

दुकानापाशी येताच ती पायरीवर मटकन बसली. बाईंचे बोलणे खोटे, तर 'रागावलेलो नाही' हेही खोटेच.

"रागातच गेले गं ते," ती म्हणाली.

मुलीने जरा आठवून पाहिले. "बाबा रागावले की कात्री टेबलावर आपटायचे. गुंडाळून ठेवायचे नाहीत. ते गेले त्या दिवशी ती टेबलावर गुंडाळलेली होती, आई. मीच उचलली ना."

आईने मांडीवरच्या फडक्यावरून हात फिरवला. दोनदा फिरवला. मग उठून तिने कुलूप काढले.

आत सगळीकडे धूळ होती, पण कापडावरच्या खडूच्या रेषा अजून ठळक होत्या. आईने उजव्या हाताने कात्री धरून पाहिली आणि कसनुशी हसली. मुलीने स्टूल ओढले. बापाजवळ बसून तिने याच कात्रीने पोतेभर चिंध्या कापल्या होत्या.

"आधी खिशाची पट्टी," आई म्हणाली. "सरळ आहे. मी कापड धरते."

कर्र, कर्र. तीन महिन्यांनी तो आवाज दुकानात आला. आईने पट्टी उजेडात धरली, कड निरखून पाहिली.

"हं," ती म्हणाली.

मुलीने कात्री डाव्या हातात नीट बसवली आणि पुढची रेष आपल्याकडे ओढून घेतली.