जिवंत टोकन

सेड्रिक प्यूबरोबर आमची रेल्वेही पुरली गेली, आणि पुरणारी होती त्याचीच बायको.

एनिडच्या मनात वाईट काही नव्हतं. शवपेटी बंद करायच्या आधी तिने सेड्रिकच्या जाकिटाच्या डाव्या खिशात चष्मा, पेपरमिंटची पुडी आणि पितळेचं टोकन ठेवलं. "ते खिशात असल्याशिवाय हा बागेत पाऊल टाकत नव्हता," ती मला नंतर म्हणाली, "मग इतक्या लांब रिकाम्या हाताने कसा पाठवू?" मला ते पटलं. माझ्या नवऱ्याला, नॉरिसला, ते चर्चच्या आवारात कळलं, तेव्हा तो थडग्याच्या काठावर कपाळाला हात लावून उभा राहिला. मित्राच्या दुःखाने बिचारा खचला, असं लोक म्हणाले. दुःख होतंच, पण त्या क्षणी कपाळाला लागलेला हात टोकनासाठी होता.

आमची रेल्वे म्हणजे प्यूंचं परस आणि आमचं परस मिळून घातलेला दोन बोटं रुंदीचा रूळ. त्यावर मांजराएवढं, पण खऱ्या वाफेचं इंजिन चालतं. खाली स्पिरिटचा दिवा, वर पाणी, आणि सगळ्या घरभर वास. आमच्या बाजूचं स्टेशन कंपोस्ट रोड, त्यांच्या बाजूचं रुबार्ब, कारण तिथे सेड्रिकचा रुबार्बचा, म्हणजे त्या आंबट देठांच्या भाजीचा, वाफा. मधे झुडपांचं कुंपण आणि कुंपणाला भोक. तेवढ्या भागात रूळ एकेरी, म्हणून खऱ्या रेल्वेसारखा नियम: ज्याच्या हातात टोकन त्याचीच गाडी निघणार. खऱ्या रेल्वेत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर माणसं मरतात. आमच्याकडे फार तर एखादी गोगलगाय.

"अरे, पण सेड्रिकच नाही, तर समोरून गाडी आणणार कोण?" मी विचारलं.

"टोकन नाही, तर गाडी नाही," नॉरिस म्हणाला.

त्याचं इंजिन, ब्रिजेट, सेड्रिक गेला त्या दिवसापासून रुबार्बला अडकून पडलं होतं. मी म्हटलं, उचलून आण की. तर म्हणे, रेल्वेचं इंजिन काखोटीला मारून कुणी नेतं का? त्या दिवसापासून तो खिडकीशी बसून राहिला. बोलेना, टोस्टसुद्धा अर्धा टाकू लागला. एका सकाळी मात्र टाय लावून पाद्रीबाबांकडे गेला.

"फक्त डावा खिसा," तो त्यांना म्हणाला. "सेड्रिकला उठवायचंसुद्धा नाही."

पाद्रीबाबांनी चहा दिला आणि सांगितलं, की थडगं उघडायला वरची परवानगी लागते. "ती कितीशी लवकर मिळते?" हा विचारतो. तो घरी पोचायच्या आत पाद्रीबाबांचा मला फोन आला, की हेझल, तुमच्याकडचं फावडं जरा कुलपात ठेवा.

इकडे एनिडचं वेगळंच चाललं होतं. तिची मुलगी ज्युडिथ रेडिंगला असते. तिने स्वतःच्या घराशेजारी आईसाठी फ्लॅट बघून ठेवला होता. लिफ्टवाला, बागेशिवायचा. एनिड माझ्या स्वयंपाकघरात बसून चहाचा कप नुसता फिरवत राहिली.

"मला जायचं नाहीये गं," ती म्हणाली. "पण नाही म्हणायला माझ्यापाशी कारण नाही. इथे बरं वाटतं, हे कारण मुलांना चालत नाही."

मला तिचा राग आला, ज्युडिथचा आला, आणि देवाला तर मी सोडलंच नाही. उपाय मात्र सुचेना.

तो नॉरिसच्या नियमांच्या पुस्तकाला सुचला. टोकन हरवलं, तर एका माणसाची नेमणूक करायची. त्याला पायलटमन म्हणतात. दंडावर लाल पट्टी बांधलेला तो माणूसच मग टोकन. तो बरोबर असल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि टोकन मिळेपर्यंत त्याने लाइन सोडून जायचं नाही. नॉरिस स्वतः ड्रायव्हर, त्यामुळे तो बाद. माझ्याकडे त्याने आशेने पाहिलं. मी म्हटलं, तुझ्या जेवणाची पायलटमन आहे तेवढी पुरे. उरली एनिड. जुना ख्रिसमसचा टेबलक्लॉथ फाडून पट्टी मीच शिवली.

नियमाप्रमाणे पायलटमन गाडीबरोबरच हवा, आणि गाडी जाते कुंपणाच्या भोकातून. पहिल्या दिवशी एनिड गुडघ्यांवर रांगत शेवटच्या डब्यामागून आत शिरली आणि केसांत काटक्या घेऊन आमच्या बाजूला उगवली. एक चप्पल एकेरी मार्गात राहिली. नॉरिसने दुसऱ्या दिवशी कातर घेऊन कुंपण कापलं, बरोबर एनिडच्या मापाचं, स्वेटर धरून. आता आमच्या कुंपणात एनिडच्या आकाराचं दार आहे, आणि पाहुणे त्याकडे बघून विषय बदलतात.

तसे आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करणारे. पण पट्टी चढली, की नॉरिस एकदम अदबीत.

"पायलटमनसाहेब, गाडी सोडू का?"

"थांबा. रुळावर मांजर आहे."

"कुणाचं?"

"माझंच."

"मग त्याला समज द्या."

पाद्रीबाबा सांत्वनाला आले, तर एनिडने त्यांना हात दाखवून रुबार्बच्या फाटकात उभं केलं. गाडी गेल्यावरच त्यांना सांत्वन करता आलं, आणि तोवर त्याची गरज उरली नव्हती. नॉरिस टोस्ट पुरा खाऊ लागला. एनिड तर दुसऱ्यांदा मागायची.

मग ज्युडिथ रिकामी खोकी घेऊन आली.

"मला ड्यूटी आहे," एनिड म्हणाली. "टोकन सापडेपर्यंत लाइन सोडता येत नाही."

"आणि ते बाबांच्या खिशात आहे."

"हो. बाबा उठले की देतील."

ज्युडिथ हसली नाही. सेड्रिकची मुलगी ती, वाफेच्या वासात वाढलेली. तिने वळून विचारलं, "नॉरिसकाका, सापडेपर्यंत, की नवीन मिळेपर्यंत?"

मी टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला. नॉरिस जन्मात कधी खोटं बोललेला नाही. माझ्या टोपीबद्दलसुद्धा नाही.

"नवीन मिळालं तरी चालतं," तो म्हणाला.

एनिडने पट्टीवरची सुरकुती सरळ केली. घरी आल्यावर मी नॉरिसशी संध्याकाळभर अबोला धरला. त्याला कारण विचारायची हिंमत झाली नाही, म्हणजे कारण कळलं होतं.

पुढच्या वेळी ज्युडिथ आली ती नवीन टोकन घेऊन. जाड पितळ, त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं इंग्रजीत, सुबक कोरीव अक्षरांत. आम्ही सगळे रुबार्ब स्टेशनवर उभे होतो. ब्रिजेट वाफेवर आलेली, झडप फुसफुसत होती. नॉरिसने टोकन हातात घेतलं, वजन पाहिलं, मापलं, भिंग लावलं. खोट काढायला जागाच नव्हती. एनिड त्याच्याकडे बघत नव्हती. ती रुळाकडे बघत होती, आणि दुसऱ्या हाताने तिने दंडावरची पट्टी धरून ठेवली होती.

"ज्युडिथ," नॉरिस म्हणाला, "रुबार्बच्या स्पेलिंगात आरनंतर एक एच असतो. त्याचा उच्चार होत नाही, म्हणून लोक विसरतात. यात तो नाही."

एच होता. मला चष्म्याशिवाय दिसत होता.

"काका, हा काय एच."

"तो ओरखडा आहे."

"मला शाळेत घालायच्या आधी बाबांनी हे स्पेलिंग शिकवलंय. मी चुकेन का?"

"चुकलीस, बाळ," नॉरिस म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. ज्याने चर्चच्या फळ्यावरचं चुकीचं विरामचिन्हसुद्धा कधी सोडलं नाही, तो माणूस पितळेच्या एचवर अंगठा दाबून उभा होता. त्या क्षणी तो मला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आवडला.

ज्युडिथने आईकडे पाहिलं. तिच्या दंडावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग नॉरिसच्या अंगठ्याखालून टोकन हळूच ओढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

"खरंच नाहीये एच," ती म्हणाली. "दुरुस्तीला वेळ लागेल. पितळ आहे शेवटी."

"लागेल," नॉरिस म्हणाला. "पितळाला वर्षानुवर्षं लागतात."

पायलटमनसाहेबांनी नाक पुसलं, तोच रुमाल झेंड्यासारखा वर केला आणि त्या म्हणाल्या, "सोडा गाडी."

नॉरिसला डोळ्यांतल्या पाण्यामुळे वाफेचा दांडा सापडेना. मग ज्युडिथ चिखलात गुडघे टेकून बसली आणि तिने गाडी सोडली.